सावळ्या नवरीचा बस्ता: पिवळी साडी, फिका शालू आणि आमसुली ब्लाउज

मी कुडाळच्या बाजूला गेली १८ वर्षं ब्लाउज शिवते. साड्या निवडायला सोबत जाणं, लग्नाच्या दिवशी साडी नेसवणं ही कामं त्यातूनच मागे लागत गेली. हे प्रकरण एका नवरीचं आहे आणि तिला विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रंग, कापड, मापं आणि झालेल्या चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत.

## पार्श्वभूमी

नवरी २८ वर्षांची, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. उंची ५ फूट, खांदे रुंद, छाती भरलेली, दंड जाड, मान आखूड. रंग सावळा, पण त्यात पिवळसर झाक. उन्हातून चालत आली की चेहरा तांब्यासारखा दिसतो. आई गोरी, वडील सावळे. मुलगी वडिलांवर गेली, हे वाक्य तिने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं आहे की ते ती स्वतःच आधी बोलून टाकते.

तिच्या कपड्यांबाबत घरात एकच नियम होता: सावळ्या माणसाने भडक घालू नये. त्यामुळे कपाटात सगळा फिका गुलाबी, फिका आकाशी, बिस्किटी आणि राखाडी माल. अंगाने भरलेली म्हणून सगळं ढगळ. आईचा यात दुष्टपणा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. भडक रंगात लोकांची नजर मुलीकडे जाईल आणि मग कुणीतरी काहीतरी बोलेल, याची तिला भीती वाटे. ती मुलीला लपवत होती, जपण्यासाठीच.

साखरपुडा फेब्रुवारीत संध्याकाळी हॉलमध्ये झाला, लग्न मे महिन्यात अक्षय्य तृतीयेनंतर ठरलं. बस्ता बांधायला सगळी मंडळी जानेवारीतच कोल्हापूरला गेली होती. त्या एका खेपेत साखरपुड्याची साडी आणि लग्नाचा शालू दोन्ही घेतले. साखरपुड्याची साडी फिकी गुलाबी टिश्यू, चंदेरी जरीची. शालूही त्याच घराण्यातला, गुलाबी आणि जांभळ्याच्या मधला अगदी फिका रंग, जरी पुन्हा चंदेरी, किंमत १६,००० रुपये. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली दोन्ही साड्या सुंदर दिसल्या होत्या. साड्या म्हणून त्या सुंदर होत्याच.

## अडचण

साखरपुड्याचे फोटो आले आणि मुलगी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. लग्नाला ३८ दिवस उरले असताना आई तिला घेऊन माझ्याकडे आली, ती ब्लाउज शिवायला. मुलगी एवढंच म्हणाली, "ताई, लग्नात फोटोग्राफर नको, असं मी घरी सांगितलंय."

मी फोन मागून घेतला आणि फोटो पाहिले. चेहरा राखेसारखा, मान त्याहून गडद, हात तिसऱ्याच रंगाचे. साडी चांदीच्या ताटासारखी चमकत होती. ब्लाउजची बाही ६ इंचांची, बरोबर दंडाच्या सगळ्यात जाड भागावर संपलेली. गळा बंद. मुलगी फोटोत होती, पण आधी दिसत होती ती साडी, मग बाही, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

आईला वाटत होतं की मेकअप कमी पडला. पार्लरवालीने लग्नासाठी आणखी एक शेड उजळ बेस सुचवला होता, आणि आई त्याला जवळजवळ हो म्हणून आली होती. इथे मी पहिला निर्णय घेतला: आज माप घ्यायचं नाही. फोटोत काय बिघडलं ते कळल्याशिवाय ब्लाउज शिवला असता तर तीच चूक जास्त चांगल्या शिलाईने पुन्हा झाली असती.

## फोटोत नेमकं काय बिघडलं

कारणं तीन होती आणि तिन्ही एकमेकांवर चढलेली.

पहिलं कारण शेजारच्या रंगाचं. रंग एकटा कधीच दिसत नाही. पॅरिसमधल्या गोबेलिन्स या विणलेल्या भित्तिपडद्यांच्या कारखान्यात मिशेल शेवरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा नीट काळा दिसत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. धाग्यात खोट नव्हती. शेजारचे रंग तो बिघडवत होते. यावरून त्यांनी १८३९ मध्ये पुस्तकातून नियम मांडला की रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या उलट रंगाची छटा टाकतो. गुलाबीच्या शेजारी त्वचा हिरवट दिसते. जिच्या रंगात मुळातच पिवळी झाक आहे, ती मग आजारी वाटते. आमच्याकडच्या जुन्या शिंपिणी हे नियमाशिवाय जाणत होत्या. त्या म्हणायच्या, "ह्यो रंग तिका खाता." रंग माणसाला खातो, हे इतकं अचूक आहे की मला त्याहून बरा शब्द मिळालेला नाही.

दुसरं कारण कॅमेऱ्याचं. समोर मोठं, उजळ, चमकणारं कापड आलं की कॅमेरा एकंदर उजेड कमी करून घेतो, नाहीतर कापड पांढरंफटक जळून जाईल. उजेड कमी झाला की सावळा चेहरा आणखी गडद होतो. चंदेरी टिश्यूने नेमकं हेच केलं. फोनवर फोटो काढताना पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवलं तरी फरक पडतो, पण ऐन समारंभात कुणाच्या लक्षात राहतं?

तिसरं कारण तो उजळ बेस. उन्हापासून रक्षण करणाऱ्या क्रीममध्ये आणि काही बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड ही पांढरी द्रव्यं असतात. फ्लॅश पडला की ती पांढरी परत फेकतात. सावळ्या चेहऱ्यावर त्याची राख होते.

हे सगळं आईला समजावताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: खुलून दिसणं आणि गोरं दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही दुसरीच्या मागे लागलात म्हणून पहिली हातची गेली. आई गप्प राहिली. पटलं असं नाही, पण ती उठून गेली नाही.

## पडवीतली सकाळ

मामाकडून यायची पिवळी साडी अजून घ्यायची होती. मामाने ३,५०० रुपये पाठवून दिले होते. आईला तिचीच सगळ्यात जास्त धास्ती. "पिवळा हिला शोभतच नाही, पण रीत आहे म्हणून तासभर नेसायची," असं ठरलेलं. मी म्हटलं, पिवळे किती प्रकारचे असतात ते आधी बघू.

रविवारी सकाळी १० वाजता मी त्यांच्या घरी गेले. पडवीत उजेड भरपूर, पण थेट ऊन नाही, अशी जागा पाहिली. मुलीला चेहरा धुवून, केस मागे बांधून, कानातले काढून खुर्चीवर बसवलं. अंगातल्या कपड्याचा रंग मध्ये येऊ नये म्हणून गळ्याभोवती पांढरा पंचा. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या, असली परीक्षा मी घेत नाही. सावळ्या मनगटावर त्यातून काही ठरवता येत नाही. मी कापड हनुवटीखाली धरते आणि कापडाकडे बघत नाही. बघायचं ते डोळ्यांखाली, ओठांच्या कडेला आणि जबड्याच्या रेषेवर. चुकीच्या रंगाने डोळ्यांखालचं काळं खाली उतरतं आणि ओठ विटतात. बरोबर रंगाने तीच त्वचा ताणल्यासारखी एकसारखी दिसते.

चार पिवळी कापडं नेली होती. लिंबू रंग धरला आणि मुलीने स्वतःच आरशात मान हलवली. चेहऱ्यावर कावीळ झाल्यासारखी हिरवट छटा. मोहरीच्या फेसासारखा मळकट पिवळा तिच्या त्वचेच्या इतका जवळचा की मान कुठे संपते आणि कापड कुठे सुरू होतं ते कळेना. हळदी बरा होता. शेवटी हापूसच्या रसाचा रंग, थोडा केशरीकडे गेलेला. तो धरताच कुणी काही बोललं नाही. चेहऱ्याला खालून कुणी समई धरावी तसा उजेड आला. डोळ्यांचं पांढरं स्वच्छ दिसायला लागलं. मी कापड काढलं, परत धरलं, परत काढलं, आईला तिच्या डोळ्यांनी बघू दिलं.

आजी तोवर बाजूला सुपारी कातरत बसलेली. ती सुनेला म्हणाली, "अगो, इठोबाक पिवळोच पितांबर नेसवतत मा? मगे ह्या चेडवाक कित्याक नको?"

या एका वाक्याने माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याहून जास्त काम केलं. सावळ्या अंगावर सोनेरी पिवळा ही आपलीच जोडी आहे, पंढरपुरात शतकानुशतकं समोर उभी असलेली. ती सोडून आपण बिस्किटी रंगाच्या मागे कधी लागलो, याचा मला त्या दिवशी फार विषाद वाटला.

त्याच सकाळी उरलेले रंगही पाहिले. अंजिरी, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी हे खोल रंग तिला सहज पेलले. गंमत मोतियाची. आईचा नियम उलटा करून मी मनात धरलं होतं की फिकं काहीच चालणार नाही. पण मोतिया, म्हणजे दुधावरच्या सायीसारखा उबदार पांढरा, तिला सुरेख दिसला. म्हणजे फिकेपणा हा दोष नव्हता. खडूची पूड मिसळल्यासारखा, निळ्याकडे झुकणारा फिका रंग तिला नको होता. मी तिथे माझी समजूत दुरुस्त केली.

मामाची साडी आम्ही आंबा रंगाची, अडीच इंचांच्या डाळिंबी काठाची घेतली. काठ रुंद घेतला असता तर पाच फुटांच्या उंचीत तो पायाकडची मोठी पट्टी खाऊन गेला असता.

## शालूचं काय करायचं

खरी अडचण १६,००० रुपयांच्या शालूची. पर्याय असे होते.

बदलून आणणं. दुकानाची मुदत उलटून गेली होती, शिवाय फॉल-पिको झालेलं. हा रस्ता बंद.

गडद रंगवून घेणं. रेशमाला गडद रंग बसतो, पण त्यासाठी ते गरम पाण्यात जातं. जरी कशी राहील याची खात्री कुणी देईना, आणि सुरकुत्या पडल्या तर लग्नाच्या तोंडावर काय करणार? नाही म्हटलं.

नवा शालू घेणं. पैशांची ओढाताण होती आणि आईचा जीव पहिल्यात अडकलेला. मुलगीही म्हणाली, "आईने हौसेने घेतलाय. मला तोच नेसायचाय, फक्त मी त्यात दिसायला हवी." या वाक्याने माझं काम ठरलं.

उरला चौथा पर्याय: शालू तोच, चेहऱ्याजवळचा रंग बदलायचा. चेहऱ्याला लागून असतो तो ब्लाउजचा गळा आणि डाव्या खांद्यावरचा पदर. साडीचा बाकीचा भाग चेहऱ्यापासून लांब असतो; तो थोडा नावडता असला तरी चालतो. शालूच्या जोडीच्या पीसऐवजी गडद ब्लाउज घालायचा, एवढं नक्की झालं. कोणता गडद, यावर घोळ चालला. मोरपंखी शालूपासून तुटत होता, मरून जड वाटत होता. आजीने शालू हातात घेतला आणि म्हणाली, "ही सोलकढी. हिका आगळ व्हया."

तिचं अगदी खरं होतं. सोलकढीचा फिका गुलाबी रंग आमसुलांतूनच येतो, नारळाच्या दुधाने पातळ झालेला. त्याच रंगाचं दाट टोक म्हणजे आगळ, कोकमाचा घट्ट रस. शालू आणि ब्लाउज एकाच रंगाचे फिका आणि गडद भाऊ झाले. मी आमसुली रॉ सिल्क एक मीटर आणलं. गळ्याला जुन्या सोन्यासारखी बारीक पायपिन (कडेची गोट), म्हणजे शालूची चांदी आणि अंगावरचं सोनं एकमेकांशी भांडणार नाहीत. मंगलाष्टकांपुरता शेलाही आमसुली घेतला. तो खांद्यावरची चंदेरी जरी झाकणार होता.

एक किंमत मोजावी लागणार होती, ती मी आधीच सांगितली. फिक्या साडीवर गडद ब्लाउज आला की अंगाचे दोन तुकडे दिसतात आणि बुटका माणूस आणखी बुटका वाटतो. एकरंगी ठेवलं असतं तर उंची वाचली असती, चेहरा गेला असता. आम्ही चेहरा निवडला.

## ब्लाउज

आईला बंद गळा हवा होता, अंग झाकायला. पण आखूड मान आणि भरलेली छाती असली की बंद गळ्याने गळ्यापासून पोटापर्यंत एकच मोठा पडदा तयार होतो आणि छाती आहे त्याहून मोठी दिसते. मी पुढे साडेसहा इंचांचा पानगळा सुचवला. आई नाही म्हणाली. मग मी जुन्या पांढऱ्या कापडाचा कच्चा ब्लाउज टाचून मुलीच्या अंगावर चढवला, एका बाजूला कागद लावून गळा बंद केला आणि मग कागद काढला. आई सहा इंचांवर तयार झाली. अर्ध्या इंचासाठी मी अडून बसले नाही.

कट कटोरी, म्हणजे छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा जोडलेला. चार टक्सच्या (आत शिवलेल्या चिमट्यांच्या) साध्या ब्लाउजमध्ये इतक्या छातीला आकार मिळत नाही. कापड एक तर दाबतं किंवा खाली लोंबतं. मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, आधीच्या ब्लाउजपेक्षा अर्धा इंच वर घेतला. मुंढा खोल असला की हात वर करताना अख्खा ब्लाउज वर ओढला जातो, आणि नवरीला वरमाला घालायची असते. बाही साडेदहा इंच, कोपराच्या जरा वर, दंड बारीक होतो तिथे संपणारी. मे महिन्यात एवढी बाही उकडणारच, पण मुलगी म्हणाली चालेल. अस्तर सुती, रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापलं. किनाऱ्याच्या दमट हवेत पॉलिस्टर अस्तराचा ब्लाउज म्हणजे दोन तासांत अंगाला चिकटलेलं प्लास्टिक.

ढगळ कपड्यांत वाढलेल्या मुलीने पहिल्यांदा स्वतःच्या मापाचं काही घातलं. ट्रायलला तिने आरशासमोर हात पुढे, वर, मागे करून पाहिले. मग म्हणाली, "ताई, मी एवढी मोठी नाहीये." ती मोठी कधी नव्हतीच, तिला मोठं दाखवत होतं ते खांद्यावरून उतरलेलं, काखेत चार बोटं जादा असलेलं कापड.

स्वागत समारंभाच्या साडीला वेळ लागला नाही. चिंतामणी निळी, मऊ रेशीम, सोनेरी बारीक काठ. मुलीने दुकानातून साडी बाहेर आणून रस्त्यावरच्या उजेडात गळ्याशी धरली आणि मला न विचारता घेतली.

## लग्नाचा दिवस

पार्लरवालीशी मी आदल्या आठवड्यातच बोलले होते. बेस मनगटावर न बघता जबड्यावर, दिवसाच्या उजेडात जुळवायचा, मानेपर्यंत उतरवायचा. तिने ऐकलं आणि काम फार छान केलं.

पदराच्या निऱ्या चार बोटांच्या केल्या आणि खांद्याच्या टोकाकडे दोन बोटं सरकवून पिन केल्या, म्हणजे मान आणि जरी यांच्या मध्ये आमसुली पट्टा राहिला. केसांत मोगऱ्याबरोबर अबोलीचा वळेसर. अबोलीची ती भगवी ऊब चेहऱ्याजवळ काय करते, ते दागिन्यांनाही जमत नाही. आंबा रंगाची साडी तासाभरासाठी ठरलेली. मुलगी ती सोडायला तयार होईना, विधी संपेपर्यंत तिने तीच ठेवली.

दुपारी २ च्या सुमारास, जेवणाच्या पंगतीत, मुलीने मला खुणेने बोलावलं. काखेखाली घामाने ब्लाउजचा आमसुली रंग सुटला होता आणि शालूच्या पदराच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा जांभळट डाग पडला होता. मी पदर उलटून घेतला आणि डाग झाकला गेला, फोटोत कुठे आला नाही. पण १६,००० रुपयांच्या शालूला डाग लागला तो माझ्या हातून. मी आईची माफी मागितली. ड्रायक्लीनने तो फिका झाला, गेला नाही.

## पुन्हा करायचं झालं तर

रॉ सिल्कची चमक जाईल म्हणून मी ते कापड भिजवलं नव्हतं. निदान एक कोपरा मिठाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्या रुमालावर दहा मिनिटं दाबून ठेवायला हवा होता. साधं पाणी पुरत नाही; घाम खारट असतो, परीक्षाही खाऱ्या पाण्याचीच हवी. आता प्रत्येक गडद ब्लाउजसाठी मी हे करते, आणि मे महिन्यातल्या नवरीच्या ब्लाउजला काखेत सुती पट्टी लावते.

शेला मंगलाष्टकांनंतर लगेच काढावा लागला, इतका उकाडा. आडवा मोठा शेला घेण्याऐवजी अरुंद, सुती-रेशमी मिश्र धाग्याचा घ्यायला हवा होता.

आणि आईशी मी उशिरा बोलले. पहिले दहा दिवस मी तिला चूक ठरवत होते. पडवीत तिला शेजारी बसवून कापड तिच्याच हातात दिलं असतं, तर पानगळ्याचा वादही झाला नसता. मुलगी फोटोत कशी दिसते याचं दुःख तिलाही होतंच, फक्त तिचा उपाय वेगळा होता.

भाद्रपदात गणपतीला मुलगी माहेरी आली तेव्हा साखरपुड्याची गुलाबी टिश्यू घेऊन माझ्याकडे आली. अंगात चिंतामणी निळ्याचा कुर्ता, खांद्यावर बरोबर बसलेला. साडीचा लांब घागरा शिवायचा, वर आमसुली पोलकं, असं तिचं तिनेच ठरवून आणलं होतं. फिका रंग कमरेखाली ठेवायचा, हे मी तिला सांगितलं नव्हतं. मी उरलेलं आमसुली कापड कपाटातून काढलं आणि आधी त्याचा कोपरा मिठाच्या पाण्यात टाकला.